चाकांवरचं घर : फॉलमध्ये आरव्ही घेऊन जाताना

ऑगस्ट उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. तोवर यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन चाललेलं असतं, मग एकच विषय, फॉल म्हणजे पानगळीचा ऋतू : झाडं लाल कधी होतात आणि तिथे गाडी कशी न्यायची. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी मध्य न्यू जर्सीत राहते आणि आमची आरव्ही, म्हणजे शेगडी-संडासासकटची घरगाडी, क्लास सी आहे, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. माझी उत्तरं त्या गाडीतून आणि या बाजूच्या रस्त्यांवरून आलेली आहेत. कोलोराडोतल्या पिवळ्या ॲस्पेनच्या झाडांबद्दल ज्यांनी विचारलंय, त्यांच्यासाठी तिकडचं कुणीतरी गाठायला हवं.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीच्या घरात. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत एडिसनला मुलाकडे आहोत. तो पाच दिवस रजा काढून आरव्ही भाड्याने घेणार आहे. व्हरमाँट, न्यू हॅम्पशायर, मेन आणि जमल्यास नायगारा, असा बेत आहे. काय काय बघून होईल? — पुणे

काका, एवढं सगळं केलंत तर पुढच्या ट्रकची मागची बाजू नीट बघून होईल. नायगारा खोडा. मेनही खोडा. एडिसनहून न्यू हॅम्पशायरच्या लिंकन गावापर्यंतच सव्वातीनशे मैलांच्या वर अंतर आहे. कार जे सहा तासांत करते त्याला आरव्हीला आठ लागतात, कारण ती ताशी साठच्या पुढे दामटायची नसते आणि पेट्रोलपंप दिसला की तिला तहान लागते. जायला एक दिवस, यायला एक दिवस. मधले तीन दिवस एकाच ठिकाणी थांबा.

ते ठिकाण माझ्या मते व्हाइट माउंटन्स. लिंकन ते कॉनवे हा कॅनकमॅगस हायवे, रस्ता क्रमांक ११२, साधारण ३५ मैलांचा. वाटेत एकही पेट्रोलपंप नाही, हॉटेल नाही, फोनला रेंज बहुतेक नाहीच. कॉनवेला तुम्ही पाचशे फुटांच्या आसपास असता आणि खिंडीत २,८५५ फुटांवर. रंग वरून खाली उतरत येतो. वर मेपल पेटलेले असतात तेव्हा खाली अजून हिरवं असतं, आणि वरची पानं गळली की खालची रंगात येतात. म्हणूनच ‘पीक’, म्हणजे रंगाचा कळस, कुठे आहे याचे नकाशे बघत तीन राज्यं पळायची गरज नाही. एकाच रस्त्यावर खाली-वर केलंत तर आठवडाभर पुढचं आणि मागचं दोन्ही दिसतं.

तारीख मात्र महत्त्वाची. इथला रंग बहुतेक वर्षी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचे पहिले दहा दिवस. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कोलंबस डे. त्या शनिवार-रविवारी अख्खं बॉस्टन या रस्त्यावर असतं आणि व्ह्यू पॉइंटला कार लावायला जागा मिळत नाही, तिथे पंचवीस फुटी गाडीची काय कथा. मुलाला सोमवार ते शुक्रवार रजा काढायला सांगा आणि सकाळी आठच्या आत घाटात शिरा. सुट्टी ऑक्टोबरच्या मध्यानंतरच मिळणार असेल, तर एवढ्या लांब जाऊच नका. तेव्हा तिकडे काड्या उरलेल्या असतात आणि बरेच कॅम्पग्राउंड बंद झालेले असतात. त्यापेक्षा घराजवळचं डेलावेअर वॉटर गॅप किंवा हडसनचं खोरं तेव्हा ऐन भरात असतं. ढगाळ, भुरभुर पावसाचा दिवस निघाला तर हिरमुसू नका. ओल्या पानांचा रंग उन्हातल्यापेक्षा गडद दिसतो.

आता रस्ता. हे मुलाला मोठ्याने वाचून दाखवा. न्यूयॉर्क आणि कनेक्टिकटमध्ये ज्या रस्त्यांच्या नावात ‘पार्कवे’ आहे, त्यावर आरव्ही घालायची नाही. हचिन्सन रिव्हर, सॉ मिल, टॅकॉनिक, मेरिट : हे कारसाठी बांधलेले जुने रस्ते आहेत, पूल ठेंगणे आहेत, आणि फोनमधला साधा नकाशा तुम्हाला बिनदिक्कत तिकडेच पाठवतो. तुमची गाडी अकरा-बारा फूट उंच असेल. हचिन्सनवरच्या किंग स्ट्रीटच्या पुलाला तर ट्रक धडकण्याची ख्यातीच आहे. न्यूयॉर्क शहरात जाणारे हॉलंड आणि लिंकन बोगदेही नकोत, गाडीत प्रोपेन गॅस असतो. २८७ नंबरच्या हायवेने हडसन नदी ओलांडायची (जुने लोक अजून टॅपन झी म्हणतात तो पूल), मग ६८४, ८४ आणि हार्टफर्डहून ९१ उत्तरेला. ९१ कनेक्टिकट नदीच्या काठाने व्हरमाँटमधून जातो, म्हणजे व्हरमाँट आपोआप पदरात पडतं. या राज्यात १९६८ पासून जाहिरातींच्या फलकांना कायद्याने बंदी आहे. काही वेळाने आपल्याला काहीतरी चुकल्यासारखं का वाटतंय, ते तेव्हा लक्षात येतं. विंडसरला उतरून कॉर्निश-विंडसरचा छप्पर असलेला लाकडी पूल बघा. १८६६ चा आहे, साडेचारशे फुटांच्या आसपास लांब, आणि कमानीवर पाटी आहे : घोडे चालत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. आरव्ही अलीकडे लावा आणि पायी जा. सेंट जॉन्सबरीला ९३ पकडून खाली फ्रँकोनिया नॉच या खिंडीतून लिंकनला उतरायचं. ‘ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ नावाचा, माणसाच्या चेहऱ्यासारखा दिसणारा कडा इथलाच. न्यू हॅम्पशायरच्या रस्त्यांच्या पाट्यांवर तो अजून आहे, डोंगरावर नाही. ३ मे २००३ रोजी कोसळला.

राहायला कॅनकमॅगसवर सरकारी कॅम्पग्राउंड आहेत, सुंदर आहेत, पण तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही. तुमच्या वयाला आणि तिथल्या थंडीला लिंकन किंवा कॉनवेकडचं खाजगी, हुकअप म्हणजे ती जोडणी असलेलं बरं. जागा महिनोन् महिने आधी धरावी लागते.

काकूंसाठी दोन गोष्टी. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग शिडीने चढायचा असतो, तो नातवंडांना द्या आणि भाड्याने घेतानाच खालचा, तिन्ही बाजूंनी मोकळा असलेला पलंग मागा. आणि गाडी चालू असताना सगळ्यांनी पट्टा लावून बसायचं. मागे आडवं होणं, चहा टाकणं, बाथरूमला जाणं, हे जाहिरातीत दिसतं तेवढंच. दर दीड तासाने थांबा. फ्लूम गॉर्जच्या पायऱ्या गुडघ्यांना जड जातील. सॅबडे फॉल्सची वाट छोटी आहे, ती करा.

प्रश्न : हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं का? — नागपूर

नाही. भाडं, वर मैलामागे पैसे, जनरेटर वापरला तर तासाचे पैसे, गॅलनला आठ-दहा मैल आणि रात्रीच्या जागेचं भाडं वेगळं. चौघं-पाचजण असाल आणि तिन्ही वेळा घरचं खाल्लंत तर बरोबरीत सुटतं. स्वस्त म्हणून जाणारे कुरकुरत परत येतात.

प्रश्न : मुलं सहा आणि नऊ वर्षांची. पानं बघायला न्या म्हटलं की ‘पुन्हा झाडं?’ म्हणतात. वीकेंडच मिळतो. त्यांना गुंतवायला काय? — न्यू जर्सी

मुलं खरं बोलतात. गाडीच्या काचेतून झाडं बघणं हा चाळिशीनंतरचा छंद आहे. त्यांच्या हाताला काम द्या.

सफरचंद तोडणं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात : फळ ओढायचं नाही, तळहातात धरून वर उचलत पिरगाळायचं, देठासकट सुटतं. जातींपैकी मॅकिंटॉश तिथेच खायला छान, पण घरी आणून आठवड्यात मऊ पडतो. कोर्टलंड चिरल्यावर लवकर काळा पडत नाही, डब्यात द्यायला तो घ्या. मकून मिळाला तर दुसरं काही बघू नका. शनिवारी दुपारी अशा शेतांवर गाड्यांच्या रांगा असतात, तेव्हा आरव्ही कॅम्पवरच ठेवा किंवा फोन करून मोठी गाडी कुठे लावायची ते विचारा.

माझी खरी शिफारस क्रॅनबेरीची आहे, लाल, आंबट, बोराएवढं फळ. इतकी वर्षं न्यू जर्सीत राहून इथलं पाइन बॅरन्स हे पाइनचं रान न पाहिलेली कितीतरी मराठी घरं मला माहीत आहेत, आणि क्रॅनबेरी म्हणजे मॅसॅच्युसेट्स असंच त्यांना वाटतं. टर्नपाइक या टोलच्या हायवेपासून तासाभरावर, चॅट्सवर्थ गावाच्या आसपास, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर काढणी चालते. वेल जमिनीलगत असतो. काढणीच्या वेळी शेतात पाणी सोडतात, यंत्राने ते ढवळतात, फळं वेलीपासून सुटतात आणि तरंगायला लागतात. मग कंबरभर पाण्यात उभी राहून माणसं तरंगत्या पट्ट्याने सगळं लाल एका कोपऱ्यात ओढत आणतात. मुलांना विचारा, फळ का तरंगतं? एक आडवं कापून दाखवा : आत चार पोकळ कप्पे असतात, त्यात हवा. ताजं फळ टेबलावर टाकलं तर उसळतं, शिळं नाही. आमच्या आरव्हीच्या टेबलावर अर्धा तास याच्यावरच गेला होता आणि झाडांचं कुणी नावही काढलं नाही. ही शेतं खाजगी आहेत, रस्त्यावरून बघा, बांधावर चढू नका. जवळच व्हाइट्सबॉग म्हणून जुनं गाव जपून ठेवलंय. शेतात पिकवलेल्या ब्लूबेरीचं पहिलं पीक १९१६ मध्ये तिथून बाजारात गेलं, एलिझाबेथ व्हाइट या बाईंच्या खटपटीने. ते ब्रेंडन बर्न स्टेट फॉरेस्टमध्ये आहे, आणि त्याच जंगलात कॅम्पिंगही आहे, हुकअपशिवाय.

दोन पिशव्या क्रॅनबेरी घरी आणाच. कैरी नसलेल्या देशात हेच आपलं लोणचं. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या, प्रत्येकीचे दोन तुकडे. मीठ, हळद, कैरीच्या लोणच्याचा तयार मसाला, थोडा गूळ. तेलात मोहरी, मेथीचे चार दाणे, हिंग, आणि फोडणी पूर्ण गार झाल्यावर वरून. लिंबू लागत नाही, फळच इतकं आंबट. दुसऱ्या दिवशी खाता येतं, ठेवायचं मात्र फ्रिजमध्ये.

आणि हॅलोविन. खाजगी कॅम्पग्राउंडवर सप्टेंबरच्या मध्यापासून दर वीकेंडला हॅलोविन असतं. लोक आपापल्या जागा सजवतात, दिवे लावतात, मुलं एका आरव्हीपासून दुसऱ्या आरव्हीपाशी गोळ्या मागत फिरतात. वाहनं बंद असल्याने आपल्या कॉलनीपेक्षा हे निर्धास्त वाटतं. आपल्याकडेही मुलं येणार, तेव्हा शेंगदाणा नसलेल्या गोळ्या भरपूर न्या. एका वर्षी शेजारच्या जागेवर फेटा बांधलेला, ढाल-तलवारवाला मावळा आला होता. त्याला कुणी पायरेट म्हटलं की तो थांबून, गोळ्या बाजूला ठेवून, पूर्ण इतिहास सांगत होता. त्याच्या आईला माझा सलाम.

कोरायला आणलेल्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करू नका, पाणचट होतात. छोटा ‘शुगर पंपकिन’ किंवा बटरनट घ्या.

प्रश्न : मी ठाण्याची सासू, सून व्हर्जिनियात. आरव्हीत रीतसर स्वयंपाक होतो का? कोजागिरी गाडीतच येते आहे, ती कशी करावी? — ठाणे

होतो, पण फोडणी बेतानं. गाडीचं छत हाताला लागेल एवढ्यावर असतं आणि स्मोक अलार्म शेगडीपासून दोन पावलांवर. मोहरी तडतडली तोवर तो ऐकून घेतो, लाल मिरची पडली की ओरडतो. आधी छताची खिडकी उघडून तिथला पंखा लावायचा, मग तेल तापवायचं. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची नाही, कितीही मोह झाला तरी. पोळ्या घरून करून नेलेल्या बऱ्या. इडली-ढोकळा असं वाफेचं काही केलंत तर थंडीत काचांवरून पाणी ओघळतं आणि रात्री गाद्या दमट लागतात. दही लागत नाही, विकत घ्या.

विजेचं गणित सुनेला माहीत असेल, तरी सांगते. कॅम्पवरचं तीस अँपिअरचं कनेक्शन म्हणजे ३,६०० वॅट. दीड हजारांचा हीटर चालू आहे, अठराशेचं इंडक्शन लावलं, तेवढ्यात कुणी मायक्रोवेव्ह दाबला की अंधार. स्वयंपाक प्रोपेनच्या शेगडीवर आणि वीज उबेसाठी, अशी वाटणी करा.

कोजागिरीला आरव्हीसारखी जागा नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आली तर उत्तरेतल्या रंगांत सापडते, अखेरीस आली तर व्हर्जिनियातल्या. दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवा, इथल्या शेगडीचे बर्नर छोटे आणि आच एकाच जागी लागते. मध्यरात्रीचा हट्ट मात्र सोडा. कॅम्पवर साधारण दहानंतर आवाज बंद असतात आणि चंद्र संध्याकाळीच उगवलेला असतो. साडेआठला बाहेर खुर्च्या टाकून बसलात तर शेजारचे विचारायला येतातच, केशराचा वास लांब जातो. सुका मेवा घालण्याआधी त्यांना चालतो का ते विचारा. आणि उरलेलं दूध बाहेर टेबलावर ठेवून झोपायचं नाही, अस्वलं असतात.

प्रश्न : परसातलं झाड पाडलं, लाकूड भरपूर आहे. शेकोटीसाठी बरोबर नेऊ? — पेनसिल्व्हेनिया

अजिबात नको. लाकडात किडीची अंडी-अळ्या जातात. ॲश झाडांचा फडशा पाडणारा एमरल्ड ॲश बोरर हा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि अशाच फुकटच्या लाकडातून राज्यभर, मग देशभर पसरला. स्पॉटेड लँटर्नफ्लाय हा दुसरा किडा तर २०१४ मध्ये तुमच्याच राज्यात पहिल्यांदा दिसला. न्यू हॅम्पशायर आणि व्हरमाँटमध्ये बाहेरचं, भट्टीत न तापवलेलं सरपण आणायला बंदी आहे. न्यूयॉर्कमध्ये असं लाकूड पन्नास मैलांपलीकडे नेता येत नाही. कॅम्पच्या दारात गठ्ठा मिळतो, तो घ्या. शेकोटीभोवती चप्पल घालून बसू नका, पाय झाकलेले असू द्या : हरणांवरची गोचीड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही चांगलीच कामावर असते.

प्रश्न : पानं लालच का होतात? वर्गात मुलांनी विचारलं. — सातारा

गुरुजी, पिवळा रंग पानात आधीपासून असतो. दिवस लहान झाले की झाड हरितद्रव्य बनवणं थांबवतं, हिरवा पडदा सरतो आणि पिवळा उघडा पडतो. लाल मात्र नव्याने तयार होतो. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा असला की पानात साखर अडकून राहते, तिच्यापासून अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य बनतं. म्हणून शुगर मेपल एका वर्षी पेटतो, एका वर्षी नुसता तांबूस होतो. मुलांना दाखवायला अमेरिका कशाला? शाळेच्या अंगणात देशी बदाम असेल तर त्याची पानं गळण्याआधी अशीच लाल होतात. दोन पानं तोडून वहीत ठेवा.

प्रश्न : बॉस्टनला शिकतो. आम्ही चौघं मित्र ऑक्टोबरमध्ये जाणार. रात्री आरव्हीचं पाणी गोठतं का? हीटर बंद पडला तर? — बॉस्टन

अरे, डोंगरात ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही पारा शून्याखाली जाऊ शकतो. आधी गोठतो तो बाहेरचा होज, म्हणजे पाण्याची नळी. संध्याकाळी टाकी भरून घे, होज काढून आत ठेव, रात्री टाकीतलं पाणी गाडीच्या पंपाने वापरा. सिंकखालची कपाटं उघडी ठेव म्हणजे पाइपांना ऊब मिळते. गाडी गरम ठेवणारा फर्नेस प्रोपेनवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि हुकअप नसेल तर पहाटे चारला बॅटरी मान टाकते. तेव्हा कुणीतरी म्हणेल, शेगडी पेटवून ठेवू. ठेवायची नाही. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेतच जातात. भाड्याच्या गाडीत पांघरुणं पातळ असतात, प्रत्येकाने आपापली रजई आणा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. मूस, म्हणजे इथली प्रचंड हरणं, रस्त्यावर येतात, अंगाने काळे आणि इतके उंच की डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर राहतात, चमकतही नाहीत.

प्रश्न : स्कायलाइन ड्राइव्हला आरव्ही जाते का? बिग मेडोजला राहायचंय. — डेलावेअर

जाते. व्हर्जिनियातला हा डोंगरमाथ्यावरचा रस्ता १०५ मैलांचा, वेग ताशी ३५ मैलांच्या आत. मेरीज रॉक बोगद्याची उंची १२ फूट ८ इंच, तेव्हा छतावरच्या एसीसकट गाडी मोजा. थॉर्नटन गॅप या खिंडीने वर आलात तर बिग मेडोजच्या वाटेवर तो बोगदा लागतो. रस्ता ३३ ने स्विफ्ट रन गॅपला चढलात तर लागत नाही. येताना बॉल्टिमोरचे बोगदे घेऊ नका, प्रोपेनवर तिथे निर्बंध आहेत. आरव्हीवाले पूर्वी फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या पुलावरून जायचे, तो मार्च २०२४ मध्ये कोसळला. आता ६९५ हायवेने शहराला पश्चिमेकडून वळसा.

प्रश्न : सगळे रंग सांगता, पण संडासाची टाकी कोण रिकामी करतं, ते कुणीच लिहीत नाही. — नाशिक

लिहिते. गाडीत दोन टाक्या असतात, संडासाची काळी आणि आंघोळ-भांड्यांची करडी. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, हातमोजे घालून आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. काळीचा व्हॉल्व्ह कॅम्पवर उघडा ठेवायचा नाही, पाणी वाहून जातं आणि बाकीचं तळाशी थापून बसतं. टाकी निम्म्याच्या वर भरल्याशिवाय सोडू नका. दहा मिनिटांचं काम आहे. आमच्याकडे आदल्या रात्री ज्याने भांडी घासली नाहीत, ते त्याच्याकडे जातं.